सोळाशेच्या पलीकडे

पारशिवनीच्या बसस्टँडवर पोरांच्या कुठल्याही घोळक्यात ‘पाच दहा’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पाच मिनिटं दहा सेकंद. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांनी १६०० मीटर एवढ्या वेळात किंवा त्याच्या आत संपवलं, तर २० पैकी २० गुण पदरात पडतात. मुलींना ८०० मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंद. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, प्रत्येकी १५ गुणांची. एकूण ५०. त्यातले निम्मे मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचं नाव काढायचं नाही. कोणाची मुलगी ‘आउट ऑफ’ मारते आणि कोणाचा मुलगा पाच पस्तीसवर अडकून बसलाय, हे इथं शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असतं.

या आकड्यांकडे भरतीचा उमेदवार म्हणून नाही, धावणारा माणूस म्हणून पाहा. पाच दहामध्ये सोळाशे म्हणजे किलोमीटरला साधारण तीन मिनिटं चौदा सेकंद. नागपुरात फुटाळ्याच्या नाहीतर अंबाझरीच्या रस्त्यावर रविवारी सकाळी जे गट धावताना दिसतात, त्यांतला कोणी दोन तासांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करतो तेव्हा त्याला एका किलोमीटरला पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद लागतात. त्याच्या गळ्यात पदक पडतं, घड्याळातला नकाशा दोस्तांना जातो, आणि तो स्वतःला रनर म्हणवतो. त्यात काही चूक नाही. मीही त्यातलाच. पण पारशिवनीचा पोरगा त्याच्या कितीतरी पुढचं धावतो आणि त्याला कोणी धावपटू म्हणत नाही. त्याला म्हणतात, ‘भरतीची तयारी करून राहिला.’ तो स्वतःही तेच म्हणतो. माझी तक्रार नेमकी इथं आहे.

पारशिवनी हा नागपूर जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. वर कोलितमाऱ्याच्या बाजूला पेंचचं जंगल, मध्ये धान, कापूस, सोयाबीनची शेतं, खाली कन्हानच्या अंगाला कोळशाच्या खाणी. नवेगाव खैरीच्या धरणातलं पाणी नागपूर शहर पितं. आमडी फाट्याच्या रस्त्याला नयाकुंड लागतं. पेंच नदीच्या काठच्या या गावात १९७०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड वितळवण्याची अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची भट्टी सापडली होती. आज त्याच रस्त्यावर पहाटे पोरं धावतात. रोजगार म्हणाल तर शेती, खाणीतलं कंत्राटी काम, जंगलाच्या पर्यटनावर चालणारी थोडीफार कामं, आणि भरती. पोलीस, राज्य राखीव पोलीस दल, वनरक्षक, अग्निवीर. चारही दारांवर धावावं लागतं. वनरक्षकाला तर मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर धावायचं, शिवाय चार तासांत मुलांनी २५ आणि मुलींनी १६ किलोमीटर चालून दाखवायचं.

पहाटे पावणेपाचला गट जमतो. डिसेंबरात धुकं इतकं असतं की समोरून येणाऱ्याचे आधी बूट ऐकू येतात. मोबाइलच्या उजेडात हजेरी होते, स्वेटर आणि ओढण्या एका गोणीत जातात, गोणी मोटारसायकलवर. मुलं बाहेरच्या अंगाला, मुली मधे, सगळ्यांत मागे मोटारसायकल दिवा लावून. ही रचना कोणी शिकवलेली नाही. रेतीचे टिप्पर पहाटेच सुटतात आणि रस्त्याला कड अशी नसतेच, म्हणून बाहेरच्या अंगाला ज्यांचे शर्ट पांढरे ते. कालव्याच्या बाजूला गेलं तर रानडुक्कर हमखास, जंगलाच्या अंगाला बिबट. एकट्यानं निघायची सोय नाही. शहरात लोक गटात धावतात ते आळस मोडावा म्हणून. इथं गट नसेल तर धावणंच नाही, आणि मुलींच्या बाबतीत हे दुपटीनं खरं. पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, पण पहाटे पाचला अंधारातल्या रस्त्यावर त्या आरक्षणाचा काही उपयोग नसतो. तिथं उपयोगी पडतात सोबतच्या दहा-बारा जणी, आणि ‘ते पोट्टे आपल्याच गावचे आहेत’ असं आईला सांगता येणं.

गटाचा दादा तिशी ओलांडलेला. खुल्या प्रवर्गाची २८ वर्षांची मर्यादा केव्हाच संपली. त्याचं मैदान निघायचं, लेखीत थोडक्यात राहायचं. आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. याच पोरांचे फॉर्म तो भरतो आणि पहाटे त्यांच्या वेळा घेतो. त्याचं नाव मी देत नाही, कारण त्याला ते नको आहे. गटाला त्यानं कधी फी लावली नाही.

रस्त्यावर अंतर कसं मोजलं, हे त्याला विचारलं तेव्हा त्यानं मला खाली वाकायला लावलं. डांबराच्या कडेला चुन्याची बोटभर रुंद रेघ, तिच्या शेजारी ‘४’. मोटारसायकलचं मीटर शंभर मीटरच्या खाली काही सांगत नाही, आणि फोनवरचं जीपीएस झाडांखाली चुकतं. म्हणून त्यानं एका ओळखीच्या गवंड्याकडून तीस मीटरचा टेप आणला आणि दोन पोरांना धरून अख्खे सोळाशे मीटर टेपनं मोजले. दर शंभरावर रेघ, दर चारशेवर आकडा. पावसाळ्यात रेघा धुतल्या जातात, म्हणून रेघेच्या समोर मातीत एकेक खिळा ठोकलेला आहे. दसऱ्याच्या सुमारास खिळे शोधायचे आणि पुन्हा चुना मारायचा. ‘पाच-दहा मीटर कमी मोजलं त काय होते?’ असं एकानं म्हटलं तर दादा म्हणतो, ‘तितल्या मैदानावर ते पाच-दहा मीटर कोन धावनार, तुहा काका?’

भरतीच्या मैदानावर चारशेच्या चार फेऱ्या असतात. छातीवर नंबर, अलीकडे आरएफआयडी चिप, बाजूला कोपरानं कोपर लागेल अशी गर्दी. सरळ रस्त्यावर शिकलेल्या पोराला वळणावर पाय कसा टाकायचा हेच ठाऊक नसतं. पहिल्या फेरीत तो सगळ्यांबरोबर सुटतो, सत्तर सेकंदात चारशे मारतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचे खांदे कानाला लागतात. पाच दहासाठी दर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद पुरतात. हे गणित वहीत सगळ्यांना येतं. पायांना शिकवायला महिने लागतात.

गटात नवीन आलेला प्रत्येक पोरगा रोज सोळाशे मारायला बघतो. रोज घड्याळ लावायचं, रोज जीव तोडायचा, आणि महिन्याभरात नळी धरून बसायचं. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला बोट लावलं तरी कळ जाते. डांबरी रस्ता, झिजलेले कॅनव्हासचे बूट आणि अचानक वाढवलेलं धावणं, तिन्ही एकत्र आलं की हे होणारच. हाडालाही सराव लागतो. ताण पडला की ते स्वतःला नव्यानं बांधतं, पण त्यासाठी त्याला मधले दिवस द्यावे लागतात. फुफ्फुसं काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, हाड तितकं घाईचं नसतं. दादाला हे कोणत्या पुस्तकातून कळलेलं नाही. स्वतःच्या नळीनं त्याची एक भरती घालवली.

म्हणून त्याच्या आठवड्यात जोरात धावायचे दिवस दोनच. मंगळवारी चारशेचे तुकडे, मधे चालत विश्रांती. शुक्रवारी पुलाच्या चढावर. बाकीचे दिवस सावकाश, आणि रविवारी लांब. या सावकाशवरून रोज भांडण होतं. त्यातलं एक मी शेजारून धावताना ऐकलं.

‘दादा, आज टायमिंग नाही घेत का?’

‘आज नाही. आज बोलत बोलत धावाचं.’

‘बोलत धावलं त पाच दहा कसं येईन?’

‘तुले आता बोलता येऊन राहिलं का? दम लागला ना? म्हंजे तू जोरात धावून राहिला. कमी कर.’

पोरगा कमी करतो, पण मनातून नाही. त्याला वाटतं वेळ वाया चालला. खरं तर सोळाशे मीटरच्या धावण्यात लागणारी बहुतेक ऊर्जा शरीर प्राणवायूच्या जोरावरच तयार करतं; शेवटचा दम काय तो वेगळा. हा प्राणवायू पोचवणारं यंत्र वाढतं ते सावकाश, लांब, नियमित धावण्यानं. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये १९५०च्या दशकात आर्थर लिडियर्ड नावाच्या, बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसानं हे स्वतःवर करून पाहिलं आणि मग आपल्या भागातल्या पोरांना शिकवलं. दर रविवारी वायटाकेरेच्या डोंगरातून सुमारे ३५ किलोमीटर, सगळ्यांनी, आठशे मीटर धावणाऱ्यानंसुद्धा. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दुपारी त्याच्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरी हॅलबर्गनं ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. बॅरी मॅगीनं मॅरेथॉनचं कांस्य आणलं. जगभरातून वेचून आणलेली ही माणसं नव्हती. एका उपनगरातला गट होता आणि त्याला सोडून न गेलेला एक माणूस होता.

आपल्याकडे नाशिकनं हेच दाखवलं. विजेंद्रसिंग यांच्यासारखा प्रशिक्षक तिथं वर्षानुवर्षं राहिला आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य मिळवलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्या मागोमाग मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली, संजीवनी जाधवनं त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पदक घेतलं. एका मुलीनं वाट पाडली की मागच्या मुलींच्या आईबापांची समजूत काढायला तिचं नाव पुरतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर अगदी आपल्या पोरांच्याच वाटेनं गेला. आधी फौजेत भरती, महार रेजिमेंट, सियाचीन. धावपटू तो फौजेत गेल्यावर झाला. २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटं बावन्न सेकंदांच्या वेगानं. २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य, २०२३च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. भरती हा त्याच्या धावण्याचा शेवट नव्हता. पारशिवनीत मात्र बहुतेकांचा तो शेवट असतो. निवड झाली की धावणं सुटतं, वय सरलं तरी सुटतं.

मागे जाऊन पाहिलं तर आपल्या ऑलिंपिकची सुरुवातच अशा पायांपासून आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना सर दोराबजी टाटांच्या नजरेत भरली ती अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं. पुढच्या वर्षी अँटवर्पला जो पहिला भारतीय संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत संपवली आणि १९वे आले. किलोमीटरला चार मिनिटं, शंभर वर्षांपूर्वी, थंडी-पावसाच्या परक्या देशात. वनरक्षकाच्या भरतीत ३ किलोमीटर १२ मिनिटांत धावणारी पारशिवनीची मुलगी त्याच वेगानं धावते. अंतर वेगळं, हे मला कळतं. पण जी एवढ्या वेगानं तीन धावू शकते, तिला चौदापट अंतराचं स्वप्न दाखवायला कोणी नसावं, हे मला सहन होत नाही.

आता काळजीची गोष्ट. २०१४च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यानंतर अंतर कमी होत गेलं. पण जीव अंतरानं जात नाही. उन्हानं, उपाशीपोटी प्रवासानं, रात्रभर फुटपाथवर काढलेल्या झोपेनं आणि तयारीशिवाय मारलेल्या मुसंडीनं जातो. २०२४ची भरती १९ जूनला सुरू झाली, १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज. तारीख कधी येईल ते कोणाच्या हातात नाही. विदर्भातल्या पोरानं मे महिन्यात ४५ अंशांत सराव करायचा आणि पावसाच्या चिखलात परीक्षा द्यायची, असंही होतं. उन्हाची सवय अंगाला व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो. म्हणून दादा एप्रिलमध्ये मुद्दाम साडेसातला धावायला लावतो, हळूहळू, पाण्याची कॅन मोटारसायकलला बांधून. चक्कर आली तर थांबायचं, थांबणाऱ्याला कोणी हसायचं नाही. हसणाऱ्याला घरी पाठवताना मी त्याला पाहिलंय.

मुलींचं दुखणं आणखी खोल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं लोहच अपुरं असेल तर कितीही सराव करा, आठशेच्या दुसऱ्या फेरीत पाय जड होतात. गटातली एक मुलगी तीन वीसच्या खाली येईना. सगळ्यांनी तिला आळशी ठरवलं होतं. दादाच्या बायकोनं तिला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणलं. हिमोग्लोबिन आठच्या आसपास. गोळ्या सुरू झाल्या, जेवणानंतर लगेच घेतला जाणारा चहा बंद झाला, सकाळी भिजवलेल्या चण्यांबरोबर गूळ आणि लिंबू आलं. पुढच्या हिवाळ्यात ती दोन अठ्ठावन्नवर होती. आळस नव्हता तो.

जानेवारीत तालुक्या-तालुक्यांत खुल्या दौडी होतात. प्रजासत्ताक दिन, जयंत्या, कोणाच्या स्मरणार्थ. अंतर पाचच किलोमीटर असलं तरी फलकावर ‘भव्य मॅरेथॉन’ लिहिलेलं असतं. रोख बक्षिसं असतात आणि म्हणून चार जिल्ह्यांतली तयारीची पोरं मोटारसायकलींवर येतात. अशाच एका दहा किलोमीटरच्या दौडीसाठी दादानं यंदा गटातल्या सहा जणांना तयार केलं. घरून विरोध झाला. भरतीत दहा किलोमीटर कुठं आहे? पाय दुखावला तर? दादाचं उत्तर ठरलेलं होतं: जो दहा आरामात धावेल, त्याला सोळाशे लहान वाटेल. दिवाळीपासून रविवारची धाव सहावरून आठ, आठवरून दहा, मग बारा किलोमीटरवर गेली. नयाकुंडपर्यंत जायचं, पुलाच्या आधी वळायचं.

दौडीच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर होतो. बनियनवर सेफ्टी पिनांनी नंबर लावताना गटातल्या सगळ्यांत वेगवान पोराचे हात थरथरत होते. सोळाशेचा त्याचा वेळ पाच शून्य दोन. शिट्टी झाली आणि तो सुटलाच. पहिला किलोमीटर तीन मिनिटांच्या आसपास. मी मागून बघत होतो आणि मला पुढचं दिसत होतं. सहाव्या किलोमीटरला त्याचं डोकं मागे गेलं, आठव्याला एकामागून एक पोरं त्याला ओलांडून गेली. तो चौदावा आला. दोन अठ्ठावन्नवाली मुलगी मात्र सुरुवातीला पहिल्या पाचात कुठंही नव्हती. ती आपल्या शेजारणीशी बोलत सुटली होती. अर्ध्या वाटेनंतर तिनं बोलणं बंद केलं आणि शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये चार जणींना मागे टाकलं. तिसरी आली. पाकीट मिळालं तेव्हा तिनं आधी ते दादाच्या हातात दिलं, दादानं ते तिच्या आईच्या हातात.

परतताना त्या पोरानं विचारलं, ‘दादा, हे लोक शेवटी कसे काय धावून राहिले होते?’ जो प्रश्न त्याला दोन वर्षं सावकाश धाव म्हणून सांगून पडला नव्हता, तो दहा किलोमीटरनं चाळीस मिनिटांत पाडला. मला तालुक्याच्या अशा दौडींचं मोल इथं वाटतं, बक्षिसात नाही. भरती पोराला फक्त पास की नापास एवढंच सांगते. त्याचं शरीर काय करू शकतं हे त्याला शर्यतीत कळतं.

यांना फार लागतं अशातला भाग नाही. मोजून आखलेला, फक्की मारलेला मातीचा चारशे मीटरचा ट्रॅक. वळण कसं घ्यायचं ते तिथंच शिकता येईल. सहा महिन्यांतून एकदा रक्ततपासणी. वर्षातून चार खऱ्या, नीट मोजलेल्या शर्यती. आणि जिल्हा पातळीवरून नेमलेला एक प्रशिक्षक, जो भरतीचा निकाल लागल्यावरही इथंच राहील. पारशिवनीहून नागपूरच्या मानकापूर संकुलात रोज जाऊन सराव करणं कोणाला परवडणारं नाही. जो ट्रॅक एसटीच्या भाड्यापलीकडे आहे, तो या पोरांसाठी नसल्यातच जमा.

पाय आहेत, रस्ता आहे, गट आहे. दादा आहे तोवर तो टिकेलही. जाहिरात निघाली की पोरांची संख्या दुप्पट होते आणि नवा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी सोळाशेचं टायमिंग मागतो. या वेळी दादानं दुकानाच्या काचेवर झेरॉक्सच्या दरपत्रकाखाली कागद चिकटवला आहे: पहिले सहा आठवडे घड्याळ मिळणार नाही. त्याच्याखाली पेनानं कोणीतरी लिहिलंय, ‘रविवारी नयाकुंड, १२ किमी, बोलत बोलत’. अक्षर त्या चौदाव्या आलेल्या पोराचं आहे.